सोळा वर्षांच्या मुलाला रिट्रीटला पाठवताना: वसईतल्या एका कुटुंबाचं प्रकरण

वसईच्या कॅथलिक धर्मप्रांतातल्या युवक रिट्रीटमध्ये, म्हणजे तरुणांच्या प्रार्थना-चिंतनाच्या शिबिरांत, जे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, ते एकत्र गुंफून हे एका कुटुंबाचं प्रकरण तयार केलं आहे. त्यामुळे यात कुणाचं नाव नाही. आकडे मात्र अशा रिट्रीटच्या नियोजनात येतात तसेच ठेवले आहेत, कारण गडबड बहुतेक वेळा आकड्यांतच होते.

घर असं: वडील मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. आई पतपेढीत नोकरीला. घरात आजी. मुलगा सोळा वर्षांचा, मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिलेला, निकालाची वाट बघणारा. नववीत त्याचं दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं आणि त्यानंतर रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हळूहळू सुटत गेली. आधी सकाळची सुटून संध्याकाळची झाली, मग तीही महिन्यातून एकदा. रात्री आठला घरात रोजरी (जपमाळेची प्रार्थना) सुरू झाली की हा आपल्या खोलीत, मोबाइल हातात. दृढीकरणाचे वर्ग संपले की धर्मशिक्षणाचा आठवड्याचा रतीब थांबतो, सोबतची मुलं पांगतात आणि धर्मग्रामाशी, म्हणजे स्थानिक चर्चच्या समाजाशी, असलेला एकमेव नियमित धागा तुटतो. बऱ्याच मुलांच्या बाबतीत श्रद्धा उडण्याआधी हे झालेलं असतं, आणि पालक मात्र थेट ‘श्रद्धा उडाली’ या निष्कर्षावर जातात.

मे महिन्यात चर्चमध्ये घोषणा झाली: वय 15 ते 18, शुक्रवार सकाळ ते रविवार संध्याकाळ, कर्जतच्या बाजूला एका केंद्रात निवासी रिट्रीट, शुल्क 1,600 रुपये. आईने मिस्सा संपल्या संपल्या फॉर्म भरला, 500 रुपये आगाऊ दिले आणि रात्री जेवताना मुलाला सांगितलं.

तो म्हणाला, “मी जाणार नाही. तुला माझं काय बदलायचंय ते सरळ सांग.”

पहिली गाठ इथे पडली. आईला काय बदलायचंय हे तिला पक्कं ठाऊक होतं: मोबाइल, उशिरा उठणं, मिस्सा, उलट बोलणं. मुलालाही ते ठाऊक होतं. गॅरेजला गाडी टाकावी तसं मुलाला रिट्रीटला टाकलं की तीन दिवस फुकट जातात, कारण मुलगा तिथे पोचतो तो शिक्षा भोगायला. असा मुलगा पहिल्या तासात ओळखू येतो. शेवटच्या रांगेत बसतो, गटचर्चेत त्याची पाळी आली की ‘पास’ म्हणतो, आणि सात-आठ जणांच्या गटात असा एक असला तरी बाकीच्यांची जीभही जड होते. सोळाव्या वर्षी घरात किती वाजता परत यायचं, मोबाइल किती वाजता बंद, हे पालकांनी ठरवावं; त्यात संकोच नको. पण प्रार्थनेला, आपल्या चुकांकडे बघण्याला दुसऱ्याच्या सहीने सुरुवात होत नाही.

प्रमुख धर्मगुरूंनी आईला एक व्यवहारी तोड सुचवली: पैसे परत मागू नका, जागा राहू दे. जाणाऱ्या मुलांची गुरुवारी संध्याकाळी तासाभराची बैठक आहे. त्याला फक्त तिथे येऊ दे. त्यानंतर तो नाही म्हणाला तर विषय संपला, पैसे परत.

बैठकीत मुलाने चार गोष्टी विचारल्या. मोबाइल काढून घेणार का? कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) सक्तीचं आहे का? मित्र एकाच खोलीत असतील का? सगळ्यांसमोर बोलावं लागेल का? उत्तरं सरळ मिळाली. मोबाइल कार्यालयात जमा, रोज संध्याकाळी दहा मिनिटं घरी बोलायला मिळेल. कन्फेशनची सोय आहे, सक्ती नाही. झोपायला मित्र एकत्र, गटचर्चेला वेगवेगळे. बोलायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मुलगा तयार झाला, पण आईला एक अट घालून: परत आल्यावर ‘काय झालं’ म्हणून विचारायचं नाही. आईने कबूल केलं. ही अट पुढे महत्त्वाची ठरली.

आयोजकांना काय विचारायचं

‘चर्चचं आहे, मग काळजी कसली’ ही भावना आपल्याकडे खोल आहे. तिचा मान ठेवूनही पालकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत. चांगला आयोजक प्रश्नांनी दुखावत नाही; त्याच्याकडे उत्तरं लिहून ठेवलेली असतात.

या रिट्रीटला 64 मुलं होती: 38 मुलगे, 26 मुली. सोबत नऊ ‘मोठे’: दोन धर्मगुरू, एक सिस्टर (धर्मभगिनी), सहा अ‍ॅनिमेटर (गट सांभाळणारे युवा कार्यकर्ते). ऐकायला ठीक वाटतं. पण आईने अ‍ॅनिमेटरांची वयं विचारली तेव्हा कळलं की सहांपैकी चौघं 18-19 वर्षांची आहेत. गाणी घ्यायला, खेळ घ्यायला ती उत्तम. रात्री एखाद्या मुलाला ताप चढला किंवा दोन मुलांत हातघाई झाली तर निर्णय घ्यायला ती लहानच. त्यांना वजा केलं की 64 मुलांमागे पाच प्रौढ उरतात, म्हणजे एकामागे जवळजवळ तेरा. दहाला एक याच्या खाली जाऊ नये असं आमचं ठाम मत आहे. आईने हे फोनवर मांडल्यावर संयोजकांनी धर्मग्रामातली दोन जोडपी वाढवली. प्रौढ नऊ झाले, आणि मुलींच्या बाजूला रात्री सिस्टरांच्या जोडीला दोन बायका आल्या.

बाकीचे प्रश्न सुरक्षेचे. मुलगे आणि मुली वेगळ्या मजल्यावर की वेगळ्या इमारतीत? मोठी माणसं मुलांच्या हॉलमध्येच झोपतात की शेजारच्या खोलीत? (शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून, आणि एका वेळी दोघं जण, हे बरं.) एखाद्या मुलाशी एकट्याने बोलायचं झालं तर कुठे बोलतात? व्हरांड्यात, अंगणात, चॅपलच्या कोपऱ्यात, म्हणजे दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी. बंद दाराआड कुणीही नाही, मग ते धर्मगुरू असोत, सिस्टर असोत की समुपदेशक. गाडीतून एकटं मूल एका मोठ्या माणसासोबत पाठवत नाहीत ना? जवळ नदी असेल तर उतरायला बंदी आहे का? हा शेवटचा प्रश्न कर्जतकडे हमखास विचारावा. दुपारी दीड ते तीन या मोकळ्या वेळात, मोठी माणसं सुस्तावलेली असताना, मुलं पाण्याकडे सरकतात.

तक्रार कुणाकडे करायची हेही आधीच विचारून ठेवावं. पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या ‘वोस एस्टिस लुक्स मुंडी’ या आदेशानुसार तक्रार घेण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतात असावी लागते. आणि देशाचा कायदा त्याच्या जागी आहेच: 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा. ‘आधी चर्चच्या समितीला सांगू, मग बघू’ असा पर्याय कायद्यात नाही. मुलालाही एक वाक्य सांगून पाठवावं: कुणी अंगाला हात लावला, गुपित ठेवायला सांगितलं किंवा तुला नकोसं वाटलं, तर कुणाचाही फोन माग आणि मला फोन कर, मी रात्री दोनलाही निघेन. 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांक त्याला पाठ असावा.

फॉर्म, पिशवी आणि पंप

पहिल्या फॉर्मवर आईने संपर्कासाठी दोन क्रमांक दिले होते, स्वतःचा आणि नवऱ्याचा. नवरा त्या आठवड्यात समुद्रात. वसईत ही चूक फार घरांत होते, कारण जहाजावर नाहीतर आखातात असलेला बाप कागदावर पहिला असतो. दुसरा क्रमांक हाकेला धावून येणाऱ्याचा हवा. तिने मग भावाचा दिला, जो गाडी काढून अडीच-तीन तासांत पोचू शकतो.

मुलाला दमा आहे. फॉर्ममध्ये तिने ‘दमा, पंप सोबत’ एवढंच लिहिलं. हे अपुरं होतं, आणि ते कसं नडलं ते पुढे येईल. लिहायला हवं ते असं: कोणता पंप रोजचा, कोणता धाप लागल्यावरचा, डॉक्टरांनी किती वेळा घ्यायला सांगितलाय, त्रास कशाने वाढतो (धूळ, धूप, थंड हवा), किती वेळात आराम पडला नाही तर दवाखाना, आणि ठळक अक्षरांत, ‘धाप लागल्यावरचा पंप कायम मुलाच्या खिशात राहील.’ तातडीच्या उपचारांना संमती, फोटो काढायला व टाकायला संमती किंवा नकार, परत न्यायला कोण येणार त्याचं नाव, हे सगळं पालकाच्या सहीने हवं. मुलाने स्वतः केलेली सही चालवून घेणारा आयोजक बाकी ठिकाणीही ढिला असतो.

पिशवीचं फार लांबवत नाही. चादर, अभ्रा, डासांचं मलम, टॉर्च, पाण्याची बाटली, चप्पल आणि बूट दोन्ही, बायबल, वही, दोन पेनं. दोनशे-तीनशे रुपये, जास्त नको. मनगटी घड्याळ मात्र द्या. मोबाइल गेला की मुलांना वेळ कळत नाही आणि ती चिडचिडी होतात.

उपवासाबद्दल आजीने विचारलं होतं. काही रिट्रीटमध्ये एक वेळचं जेवण सोडायला सांगतात. चर्चच्या नियमानुसार उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होतं आणि साठाव्या वर्षात पदार्पण केलं की संपतं. मांस वर्ज्य करण्याचं बंधन चौदा पूर्ण झाल्यापासून. म्हणजे सोळाच्या मुलाला उपवास लागू नाही, आणि दमा, साखर, फिट यांची औषधं घेणाऱ्या मुलाने तो करूच नये. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेण्याआधी तासभर काही खायचं नाही हा नियम मुलांनाही आहे, पण त्यात पाणी आणि औषध चालतं. गोळी घेतली म्हणून रांगेतून मागे फिरणारी मुलं असतात. त्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

आईचं पत्र

बऱ्याच युवक रिट्रीटमध्ये दुसऱ्या रात्री मुलांना पालकांचं पत्र देतात. मुलांना ते येणार हे माहीत नसतं. आयोजक पालकांकडून बंद पाकीट आधीच घेऊन ठेवतात. तीन दिवसांत मुलाच्या मनात सर्वांत खोल जाणारी गोष्ट बहुधा हे पत्रच असते, आणि सर्वांत जास्त नासतं तेही हेच.

आईचं पहिलं पत्र दोन पानी होतं. सुरुवात प्रेमाने होती. चौथ्या ओळीत ‘पण’ आला. मग पप्पा तिकडे वादळात नोकरी करतात, आजी रोज तुझ्यासाठी रडते, तू चर्चला येत नाहीस तेव्हा लोक मला विचारतात, तुझ्या मामेभावाकडे बघ. शेवटी ‘येशू तुला सद्बुद्धी देवो’. सिस्टरांनी पाकिटं घेताना सगळ्याच पालकांना एक सूचना केली होती: पत्रात ‘पण’ हा शब्द असेल तर घरी जाऊन पुन्हा लिहा. आईने पुन्हा लिहिलं. आठ ओळी झाल्या. त्यातल्या मधल्या ओळी अशा:

‘आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू सातवीत होतास. रोज संध्याकाळी तिला धरून अंगणात विहिरीपर्यंत नेऊन आणायचास. ती चार पावलांवर थांबायची आणि तू एकदाही घाई केली नाहीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. तुला हे मी कधी सांगितलं नाही.’

मागणी नाही, उपदेश नाही, तुलना नाही. मुलाने खरोखर केलेली एक गोष्ट आणि ती आईने पाहिली होती ही बातमी. असं पत्र लिहायला दोन पानी पत्रापेक्षा जास्त वेळ लागतो. वडिलांनी जहाजावरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या तीन ओळी आईने हाताने उतरवून त्याच पाकिटात घातल्या. वडिलांकडून काहीच न आलेली मुलं त्या रात्री वेगळी दिसतात; बाप कितीही दूर असो, तीन ओळी मिळवाच.

दुसरी रात्र

वेळापत्रक कागदावर चांगलं होतं. शनिवारी संध्याकाळी सहाला प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे कन्फेशन, सव्वाआठला जेवण, नऊ ते दहा साक्रामेंताची आराधना (वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादापुढची प्रार्थना), साडेदहाला झोप. चार धर्मगुरू कन्फेशन ऐकणार होते, दोन सोबतचे आणि दोन बाहेरून येणारे. 64 मुलं, प्रत्येकी सरासरी आठ मिनिटं, चौघांत वाटली तर दोन तास आठ मिनिटं. गणित बरोबर होतं.

बाहेरून येणारे दोघे आले नाहीत. त्यांच्याकडे अचानक अंत्यविधी निघाला. दोघांवर तेच काम सव्वाचार तासांचं झालं. मधे जेवण उरकून घेतलं, पण कन्फेशन सव्वादहापर्यंत चाललं. आराधना साडेदहाला सुरू झाली, पत्रं अकरानंतर वाटली, मुलं साडेबाराला आडवी झाली आणि सकाळी सहाची घंटा तशीच राहिली. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. यांना साडेपाच मिळाली, तीही सलग दुसऱ्या रात्री कमीच. दमलेलं शरीर, मंद दिवे, गाणी, पत्र: अशा वेळी रडू येतं, आणि ते सगळंच्या सगळं आत्म्याचं काम असतं असं समजणं मुलांवर अन्याय करणारं आहे. जागरणाने आलेलं रडू झोपेने ओसरतं आणि मग मुलाला वाटतं की मला झालेला अनुभवही खोटाच होता. आयोजकांनी असं झालं तर सकाळची घंटा पुढे ढकलावी, एक प्रवचन सरळ रद्द करावं. दहापैकी एक प्रवचन गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

चॅपलमध्ये धूप होता. अकराच्या सुमाराला आपल्या मुलाला खोकल्याची उबळ आली, छाती आवळली. पंप? ‘सगळी औषधं सिस्टरांकडे’ या नियमाप्रमाणे तो कार्यालयातल्या कपाटात, किल्ली सिस्टरांकडे, सिस्टर मुलींच्या बाजूला. दहा मिनिटं गेली. नशिबाने त्रास हलका होता आणि पंप मिळाल्यावर तो सावरला. औषधं एकत्र ठेवायचा नियम योग्यच आहे. गोळ्या मुलांच्या हातात असू नयेत. पण धाप लागल्यावरचा पंप, मधुमेही मुलाजवळची साखर आणि तीव्र अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन या तीन गोष्टी त्या नियमाला अपवाद असल्या पाहिजेत.

तो मग आत गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसला, पत्र तिथेच वाचलं. वाढवलेल्या जोडप्यांपैकी एक काका चार हातांवर, दिव्याखाली, काही न बोलता बसून राहिले. आत चाललेल्या आरोग्यप्रार्थनेला ‘चल, डोक्यावर हात ठेवून घे’ असं त्याला कुणी म्हटलं नाही, हे फार चांगलं झालं. अशा प्रार्थनांबद्दल व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत विभागाने 2000 साली सूचनापत्र काढलं आहे आणि त्यात उन्माद, कृत्रिमपणा, नाटकीपणा, खळबळ यांना जागा नसावी असं स्पष्ट म्हटलं आहे. कुणी वक्ता मुलांना ‘विश्वास असेल तर गोळ्या सोडा’ म्हणाला, किंवा घाबरलेल्या मुलाला भूतबाधा आहे असं सांगू लागला, तर पालकांनी त्याच दिवशी मुलाला घरी आणावं आणि धर्मप्रांताला लेखी कळवावं. भूत काढण्याचा विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुणालाही करता येत नाही.

परत आल्यावर

रविवारी संध्याकाळी साडेसातला बस चर्चच्या आवारात आली. मुलगा उतरला, आजीला मिठी मारली, घरी येऊन भात-कालवण खाल्लं आणि चौदा तास झोपला. आईने अट पाळली, दोन दिवस. मंगळवारी तिने प्रमुख धर्मगुरूंना गाठलं: “फादर, त्याने कन्फेशन केलं का हो? काय म्हणाला?”

फादर म्हणाले, “बाई, त्याने केलं की नाही हेसुद्धा मी सांगणार नाही.” कन्फेशनमध्ये ऐकलेलं उघड करणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यात बहिष्काराची शिक्षा आहे, आणि ती घोषणेची वाट न बघता आपोआप लागते. पालकांनी असं विचारूच नये. मुलाच्या कानावर गेलं तर पुढच्या वेळी तो रांगेत उभा राहणार नाही.

दुसरा मोह साक्षीचा, म्हणजे आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला लावण्याचा. पुढच्या रविवारी मावशीकडे जेवायला गेल्यावर ‘सांग ना, रिट्रीटमध्ये काय वाटलं’ झालंच. मुलगा “बरं होतं” म्हणून उठून गेला. प्रार्थना गटात उभं करून साक्ष द्यायला लावणं याहून वाईट. जे अजून त्याच्या आतच रुजतंय ते उपटून दाखवायला लावण्यासारखं आहे.

पहिल्या आठवड्यात मुलगा रोज सकाळी उठून बायबल वाचत होता, मोबाइल रात्री नऊला आईकडे देत होता. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही थांबलं. हे अपेक्षितच असतं. तीन दिवसांच्या वातावरणात केलेले संकल्प फार मोठे असतात आणि घरी तसं वातावरण नसतं. इथे आईने ‘गेलं ना सगळं वाहून’ म्हटलं असतं तर खरंच गेलं असतं. तिने रोजरीची वेळ आठवरून साडेनऊ केली, कारण आठला त्याचा क्लास लागला होता, आणि पाचऐवजी एकच दशक (दहा मण्यांचा भाग) म्हणायला सुरुवात केली. पाच-सहा मिनिटं. तो बहुतेक दिवस येऊन बसतो. कधी येत नाही.

टिकलेली गोष्ट कुणाच्या मनात नव्हती ती. त्या रात्री बाकावर बसलेल्या काकांनी पंधरा दिवसांनी त्याला धर्मग्रामाच्या साउंड सिस्टिमच्या कामाला बोलावलं. रविवारी संध्याकाळच्या मिस्सेला मिक्सर तो सांभाळतो, त्यासाठी पाऊण तास आधी जातो. दृढीकरणानंतर जो आठवड्याचा धागा तुटला होता तो असा जोडला गेला. आयोजकांनी रिट्रीटचं नियोजन करतानाच प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचं नाव लिहून ठेवावं, ज्याने सहा आठवड्यांत दोनदा त्या मुलाची चौकशी करायची. 64 नावांना पंधरा-सोळा माणसं पुरतात, प्रत्येकाकडे चार मुलं.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. परत आलेलं मूल दोन आठवड्यांनंतरही झोपत नसेल, जेवत नसेल, आपण पापी आहोत हेच बोलत असेल, स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल, तर ते आध्यात्मिक जागृतीचं लक्षण मानून थांबू नये. आधी डॉक्टरांकडे न्यावं. फादरांशी बोलणं त्यासोबत चालू राहील. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये या धर्मग्रामाने तीन बदल केले आहेत: पंपाची वेगळी ओळ, प्रौढांची वयासह यादी, आणि अर्जाच्या शेवटी मुलाची स्वतःची सही, ‘मी माझ्या मर्जीने येत आहे’ या वाक्याखाली. ती सही पालकांच्या सहीच्या आधी घेतात.